चार स्क्रूंची पुडी

३ फेब्रुवारी

प्रिय डबी,

गेल्या गुरुवारपासून तुमचं घर माझ्याशी बोलत नाही. रोज चारच्या सुमाराला फोनवर संदेश यायचा, ‘मागचं दार उघडलं’. मिनिटाभराने दुसरा यायचा, ‘कोड टाकला’. म्हणजे दादा दाराशी गेला आणि तू धावत जाऊन अलार्म बंद केलास, एवढं मला इथे पाच तासांच्या अंतरावर बसून कळायचं. गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा संदेश आला, ‘पॅनेलचं झाकण उघडलं’. त्यानंतर आजपर्यंत अवाक्षर नाही.

फोन मुद्दाम करत नाही. मागच्या वेळी माझा आवाज ऐकून दादा मला भिंतीमागे शोधत बसला होता, आणि तो झोपेपर्यंत तुझे हाल झाले होते. शिवाय फोनवर तू ‘हो, बरं, ठीक’ या तीन शब्दांत मला गुंडाळतेस. पत्रात निदान चार ओळी तरी लिहाव्या लागतात.

डबी, मी उगाच चौकशा करत नाही गं. नोव्हेंबरात दादा बस डेपोच्या मागे सापडला, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय रक्ताळलेला. ते मला अजून दिसतं. तेव्हाच आपण तिघांनी, म्हणजे खरं तर आपण दोघींनीच, ठरवलं होतं की अलार्म बसवायचा, तो दिवसभर चालू ठेवायचा, आणि दादा आणखी एकदा एकटा बाहेर सापडला तर शुश्रूषागृह. तू मान हलवलीस. ती कशी हलवलीस तेही मला आठवतं.

काय झालंय ते कळव. आणि वसतिगृहातल्यासारखं ‘आम्ही सर्व मजेत आहोत’ असं लिहू नकोस. इथे पत्रं वाचून मग पेटीत टाकणाऱ्या सिस्टर नाहीत.

तुझी,
टाचणी
(आणि नको तेव्हा तुझी नणंद)


८ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

पॅनेलवर पाणी सांडलं आणि ते बंद पडलं, एवढंच झालं आहे. वरच्या मजल्यावरचं बाथरूम नेमकं त्या भिंतीच्या डोक्यावर येतं, तुला माहीत आहे. पुसायला म्हणून झाकण उघडलं गेलं असेल, तोच तुला आलेला संदेश. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझा दादा बरा आहे. सकाळी दाढी मी करून देते. गालाला फेस लावला की हे आरशातल्या माणसाला पंपघरातला समजून विचारतात, तुमची पाळी कितीची? शर्टाची बटणं लावताना अजून स्वतःच्या हाताने लावायची असतात, त्यात वीस मिनिटं जातात. मी तोवर पलंगाच्या कडेला बसून राहते. काल मला म्हणाले, “मॅडम, रजिस्टर कुठे ठेवलंत?” लग्नाच्या पस्तीस वर्षांत मला कधी मॅडम म्हणाले नव्हते, तेव्हा मीही बढती निमूट स्वीकारली.

चारला दाराशी जातात. मी हाक मारते. परत येतात.

अलार्म बंद झाल्यापासून घर फार शांत आहे. स्वयंपाकघरात उभं राहिलं की त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी आहे ना इथे डोळ्यांत तेल घालून. तेव्हा दुरुस्तीची घाई करू नये असं मला वाटतं. उन्हाळा संपेपर्यंत बघू.

तुझ्या गुडघ्याचं काय? ते तेल लावतेस की नुसतं कपाटात ठेवून त्याचा धाक दाखवतेस?

तुझी,
डबी


१३ फेब्रुवारी

प्रिय डबी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला आपल्या व्याकरणाच्या सिस्टर आठवल्या. त्या वर्गात आल्या की खडूच्या भुकटीचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास यायचा. तू एकदा वहीत लिहिलं होतंस, ‘दौत सांडली’. त्यांनी तांबड्या शाईने शेजारी लिहिलं, ‘कर्ता कुठे आहे?’ आणि सगळ्या वर्गाला सांगितलं की कर्ता नसलेलं वाक्य म्हणजे तोंडावर रुमाल धरून उभी राहिलेली मुलगी. तू रडलीस. दौत मी सांडली होती, आणि मी बाकाखाली बघत बसले होते.

‘पाणी सांडलं’, ‘झाकण उघडलं गेलं असेल’. आज सिस्टर असत्या तर तुझं अख्खं पत्र तांबडं झालं असतं.

चेष्टा सोड. उन्हाळा संपेपर्यंत मी थांबणार नाही. अलार्म बसवणाऱ्या मेकॅनिकला मी इथूनच सांगितलं आहे, तो १९ तारखेला येईल. चांगला माणूस आहे, कमी बोलतो. पॅनेल दुरुस्त होणार असेल तर दुरुस्त, नाहीतर सरळ नवीन. नवीन पॅनेलचा सायरन जास्त मोठा असतो म्हणे, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. तुलाही बरं. न्हाणीघरात असलीस तरी कळेल.

तेल लावते. वास असा येतो की मांजर खोलीत येत नाही.

टाचणी


२० फेब्रुवारी

आदरणीय ताई,

आपल्या सांगण्यावरून काल आपल्या भावाच्या घरी जाऊन पॅनेल पाहिलं. खरं ते लिहून कळवा असं आपण सांगितलं होतं म्हणून लिहीत आहे.

पॅनेल दुरुस्त होण्यासारखं नाही. सर्किटबोर्डावर हिरवा गंज धरला आहे, ट्रान्सफॉर्मर जळला आहे, बॅटरी फुगली आहे. वायरी आणि दारं-खिडक्यांवरचे सेन्सर चांगले आहेत, ते ठेवता येतील. पॅनेल मात्र नवीन लागेल.

पाणी वरून आलेलं नाही. वरच्या बाथरूमची पाइप मी तपासली, ती कोरडी आहे. भिंतीवर ओल नाही, वायरीच्या नळीतही पाणी नाही. बोर्डाची वरची कड स्वच्छ आहे आणि मधोमध गंज आहे. म्हणजे झाकण काढून समोरून पाणी ओतलं गेलं आहे, आणि थोडंथोडकं नाही, एक जग भरून तरी असेल.

झाकणाचे चार स्क्रू शेजारच्या कपाटावर मिळाले. कागदाच्या छोट्या पुडीत बांधलेले होते, पुडीवर पेन्सिलने ‘४’ लिहिलं होतं. स्क्रूंच्या खाचा जराही झिजलेल्या नाहीत. ज्याने काढले त्याच्या हाताला सवय असावी.

घरच्या बाईंना मी काही विचारलं नाही. त्यांनी चहा दिला. साहेबांनी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर बघून मला पाळीची वेळ विचारली. मी चार म्हणालो, कारण तेव्हा चार वाजत आले होते. तसं म्हणायला नको होतं असं नंतर वाटलं. साहेब फार अस्वस्थ झाले.

नवीन पॅनेलबद्दल आपला निरोप आला की येईन.

आपला,
अलार्म मेकॅनिक


२३ फेब्रुवारी

प्रिय डबी,

मेकॅनिकचं पत्र सोबत जोडलं आहे. ते आधी वाच आणि मग माझं वाच.

वाचलंस? आता मी तुला ओरडणार नाही. तू का लपवलंस ते मला पुडीपर्यंत आल्यावर कळलं. कागदाची पुडी, वर पेन्सिलने आकडा. लहानपणी बाबांचा रेडिओ उघडला तेव्हा दादाने अशाच सहा पुड्या केल्या होत्या. माझी सायकल, तुमचा पंखा, माझ्या चष्म्याची काडी. जगात असं करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तेव्हा पाणी कुणी ओतलं हे तू लिहायची गरज नाही. तू त्याला पाठीशी घालत होतीस.

पण डबी, विचार कर. ज्या माणसाला चपलेचा जोड ओळखता येत नाही, त्याचे हात स्क्रू बरोबर काढतात आणि चालू विजेवर जग भरून पाणी ओततात. उद्या गॅसवर काय करतील? त्या हातांना सगळं येतं, आणि काय करायचं नाही ते सांगणारं कुणी आत उरलेलं नाही. मला तुमच्या दोघांची भीती वाटते. रात्री नाही, भर दुपारी, ताटावर बसले की वाटते.

शुश्रूषागृहात ५ मार्चला एक खोली रिकामी होते आहे. मी ती धरून ठेवायला सांगितली आहे. खिडकीतून झाडं दिसतात. मी ४ तारखेला तुमच्याकडे येईन आणि आपण दोघी मिळून त्याला नेऊ. कपडे थोडेच लागतात, त्यांवर नाव शिवायचं असतं. आपण वसतिगृहात गेलो तेव्हा आपल्या आयांनी शिवलं होतं तसं.

मला निर्दय म्हण. मी ते ऐकून घेईन.

तुझी,
टाचणी


२५ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे. तू ४ तारखेला निघायच्या आत ते तुला मिळायलाच हवं.

पाणी मी ओतलं.

पुडीही मीच बांधली. पस्तीस वर्षं त्या माणसाच्या पुड्या खणाखणांतून सांभाळल्यावर स्क्रू काढायची दुसरी रीत मला येतच नाही. मी गुरुवारी मेन स्विच बंद केला, आवाज होऊ नये म्हणून आधी कोड टाकला, यांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, चार स्क्रू काढले आणि टेबलावरचा जग पॅनेलमध्ये उपडा केला. मग मेन स्विच चालू केला. चुर्र असा आवाज आला आणि थोडा धूर. हे तेव्हा आत झोपले होते. नुसती वायर काढून ठेवली असती तर तू दुसऱ्या दिवशी लावायला सांगितली असतीस. मला ते कायमचं मोडायला हवं होतं. तू पाणी कुणी सांडलं ते विचारशील हे ठाऊक होतं, म्हणून मी वाक्यातून स्वतःला काढून टाकलं. रिकाम्या जागेत तू त्यांना बसवशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कर्ता मी आहे, टाचणी.

आता का ते सांगते. हे मला कुणालाच सांगायचं नव्हतं.

पंपघरातला तो अपघात तुला माहीत आहे. यांचा जोडीदार व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरला होता आणि बुडाला, बावीस वर्षं झाली. आपण सगळेच भेटायला गेलो होतो, त्याच्या बायकोने तुझा हात धरून ठेवला होता. चौकशी झाली. अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, ‘ठरल्याप्रमाणे दुपारी चार वाजता पाणी सोडण्यात आले.’ हे तो कागद घेऊन घरी आले, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि मला म्हणाले, “बघ, कुणीच सोडलं नाही. सोडण्यात आलं.”

पाणी यांनी सोडलं होतं. रोज चारला यांचेच हात व्हॉल्व्हची चावी फिरवायचे. त्या दिवशी रजिस्टरमध्ये काही नोंद नव्हती, झाकण अर्धं सरकवलेलं होतं, घड्याळात चार वाजले आणि यांनी चावी फिरवली. दोन मिनिटांनी सायरन झाला. झाकण उघडेपर्यंत सायरन वाजत होता. यांच्या वरच्या साहेबांनी यांना वाचवायचं म्हणून वाक्य तसं लिहिलं, चांगल्या मनाने लिहिलं. पण कुणी शिक्षा केली असती तर ती भोगून संपली असती. ‘सोडण्यात आले’ म्हटल्यावर संपवायचं कुठून? यांनी तो विषय पुन्हा एकदाही काढला नाही. मीही काढला नाही.

तुला वाटतं दादा चार वाजता कामाला निघतो. ते पाणी सोडायला जात नाहीत गं. बंद करायला जातात. आणि दाराला हात लावला की तुझा सायरन वाजतो. तसाच, खालून वर चढत जाणारा. मग हे तिथेच उकिडवे बसतात आणि नखांनी फरशी उचकटायला लागतात. “झाकण काढा, तो खाली आहे, झाकण काढा.” मी कोड टाकून आवाज बंद करेपर्यंत त्यांच्या बोटांतून रक्त आलेलं असतं. बाकी सगळं विसरले, माझं नावसुद्धा. आणि त्या दुपारचं ते एक रोज नव्याने घडत होतं, नोव्हेंबरपासून, आणि ते मी आणि तू दोघी मिळून घडवत होतो. तुला ‘कोड टाकला’ असा संदेश जायचा तेव्हा मी फरशीवर बसून त्यांची बोटं ओल्या फडक्याने पुसत असायचे.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर पाणी कुणी सोडलं ते सांगावं लागलं असतं, आणि तुझ्या मनातला दादा मला मोडवेना.

आणखी एक कबूल करते. मी ‘हाक मारते, परत येतात’ लिहिलं ते खोटं. आता चारला मी त्यांना जाऊ देते आणि दहा पावलं मागून चालते. अजून एकदाही नजरेआड झालेले नाहीत.

ती खोली सोड. नावं शिवायला लावू नकोस.

डबी


२ मार्च

डबी,

खोली सोडली. मघाशीच कळवलं, आधी ते लिहिते.

तुझं पत्र परवा मिळालं. काल दिवसभर मी काही केलं नाही. मांजराला खायला द्यायचं राहिलं, ते ओरडून ओरडून शेजारी गेलं.

त्या अपघाताच्या आठवड्यात दादा माझ्याकडे दोन दिवस राहायला आला होता. मला वाटलं, जोडीदार गेला म्हणून मन रमवायला आला. तो खिडकीत बसून राहायचा आणि मी त्याला हसवायचा प्रयत्न करायचे. निघताना म्हणाला, “तुझ्याकडे पाण्याचा दाब चांगला आहे.” मी ते वाक्य चार जणांना विनोद म्हणून सांगितलं आहे. तो मला सांगायला आला होता, आणि मी त्याला तोंड उघडू दिलं नाही. बोलण्याची बाजू नेहमी माझीच.

माझ्या मनातला दादा मोडला नाही, तेवढी काळजी करू नकोस. फक्त इतकी वर्षं मी ज्याच्याशी बोलत होते त्याच्या मागे दुसरा एक उभा होता, आणि त्याला मी कधी बस म्हटलं नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, तीही जरा लाज वाटून. मी अलार्म त्याच्या सुरक्षेसाठी बसवला, हे अर्धं खरं. तो मला ओळखेनासा झाल्यापासून मला त्याची बातमी अशी नव्हतीच. तू लिहितेस ते तुझं. पण चारचा तो संदेश त्याच्या हाताने यायचा. दाराला हात त्याचा लागायचा. मी चहा घेऊन फोनसमोर बसायचे, वाट बघायचे. तो आला की म्हणायचे, दादा आला. त्या मिनिटाला तिकडे काय चाललेलं असायचं, ते मला आता विसरता येणार नाही.

मेकॅनिकशी बोलले. तो म्हणतो, नवीन पॅनेल बसवू आणि सायरनची वायर जोडायचीच नाही. दार उघडलं की फक्त स्वयंपाकघरात एक बारीक घंटी वाजेल. संदेश हवा असेल तर येईल, नको असेल तर तोही बंद. ते तू ठरव. यापुढे त्या घरातलं तूच ठरव.

टाचणी


२२ मार्च

प्रिय टाचणी,

नवीन पॅनेल बसलं. मेकॅनिक सकाळी आला आणि तीन वाजायच्या आत काम संपवून गेला. चार वाजता आपल्याला इथे थांबायचं नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. सायरन त्याने कपाटावर काढून ठेवला, वायरीची टोकं चिकटपट्टीने बांधली आणि मला दाखवली. जुन्या पॅनेलची जागा मोठी होती, म्हणून भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला आहे. रंग नंतर बघू.

संदेश चालू ठेवायला सांगितला आहे. तू चहा घे.

आता घंटी ‘टिंग’ अशी वाजते, चमचा पेल्याला लागावा तशी. मी हात पुसते, चपला घालते आणि मागून निघते. हे हातात काठी घेऊन मागच्या गल्लीने जातात, इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून वळतात आणि कोपऱ्यावर फुटपाथमध्ये जे लोखंडी झाकण आहे तिथे थांबतात. काठीचं टोक झाकणाच्या भोकात टेकवतात आणि दोन्ही हातांनी फिरवतात. उजवीकडे. बंद करायची दिशा तीच. एकवीस वेळा, मी मोजते. मग कान देऊन ऐकतात. इस्त्रीवाला दुकानातून विचारतो, “काय साहेब, झालं?” हे म्हणतात, “झालं. आता तो वर येईल.” आणि वळून घरी येतात. वाटेत मी दिसले तर कधीकधी म्हणतात, “मॅडम, तुम्ही कशाला आलात उन्हात?”

घरी आल्यावर दोन तास चेहरा असा निवळलेला असतो की मी दिवा लावायचं विसरते. टाचणी, मला वाटायचं त्यांना जपायचं म्हणजे कोंडून ठेवायचं. रोज एकदा त्यांना तिथवर पोचू द्यायचं होतं, एवढंच होतं.

बोटं भरून आली आहेत. एका नखाचा रंग मात्र तसाच राहील.

डबी


१० एप्रिल

प्रिय डबी,

संदेश रोज वेळेवर येतो आहे. माझा चहाही वेळेवर होतो आहे, मांजरालाही त्या वेळेची सवय झाली आहे. काल तर बरोबर चारच्या ठोक्याला आला. दादाचा वक्तशीरपणा आजारालाही पुरून उरला, असं मी मांजराला सांगितलं.

डॉक्टरांनी गुडघ्याला बांधलेला पट्टा निघाला की मे महिन्यात येते. मी ठरवलं आहे की मीही दहा पावलं मागून चालेन, तुझ्याशेजारी. रांगेत, न बोलता. तुला खरं वाटणार नाही, पण वसतिगृहात प्रार्थनेला जाताना मी बोलायचे नाही. तू मला बोलायला लावायचीस.

तुझं पत्र यायला उशीर झाला, पण संदेश आहेत म्हणून मी निर्धास्त आहे. दादाला सांग. म्हणजे सांगू नकोस, पण त्याच्या शेजारी बसून मनात म्हण.

टाचणी


१८ एप्रिल

प्रिय टाचणी,

काल तुला फोन केला होता तो हे सांगायलाच. पण मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, “चारचा आला हं, दादा वेळेचा पक्का.” मग मी गुडघ्याचं विचारलं आणि ठेवून दिला.

हे ७ तारखेच्या रात्रीपासून अंथरुणातून उठलेले नाहीत. आधी नुसता ताप होता. मग छातीत कफ भरला. डॉक्टर घरी येऊन जातात. काल त्यांनी खोलीबाहेर येऊन मला सांगितलं की इस्पितळात हलवून हाल वाढतील, मिळणारं काही नाही. दिवस मोजकेच आहेत, फार तर आठवडा. मी म्हटलं, घरीच राहू दे. तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस, असं धरून चालले.

आणि संदेश. ते मी पाठवत होते. आठ तारखेला चारला मी मागचं दार उघडलं ते तुझ्यासाठी नव्हतं. घंटी ऐकून हे उठतील, निदान निघायची धडपड करतील, अशी आशा होती. त्यांनी मान दाराकडे वळवली. नऊ तारखेला पुन्हा उघडलं. नुसते डोळे हलले. दहाला काहीच नाही. अकरापासून मी दार तुझ्यासाठी उघडते आहे. तू चहा घेऊन बसली असशील, आणि तुला तिथे एकटीला ही बातमी कळू नये, एवढंच मनात होतं. एकदा म्हटलं आजच्यापुरतं, मग उद्यापुरतं. आठ दिवस झाले. दादाचा म्हणून तू ज्या हाताची वाट बघतेस, तो हात माझा होता. रागाव, पण इथे येऊन रागाव.

त्यांना त्रास होत नाही. कापसाने ओठ ओले केले की गिळतात. आज सकाळी बराच वेळ छताकडे बघत होते, मग मला म्हणाले, “तो वर आला का?” मी म्हटलं, “आला. घरी गेला.” त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर बोललेले नाहीत.

कुरियरवाला म्हणतो, पत्र उद्या बाराच्या आत तुझ्या हातात पडेल. उद्या चारला मी दार उघडणार नाही. तोवर तू गाडीत बसलेली असशील. गुडघ्याचा पट्टा तसाच राहू दे, हळू चढ, सामान थोडं घे. पोचायला अंधार पडेल. मी त्यांच्या उशाशी असेन, उठून यायला जमेलच असं नाही. पॅनेल बंद करून ठेवते, पुढचं दार नुसतं लोटलेलं असेल. हाक न मारता ढकल आणि आत ये.

डबी